जमिनीची वायर

आमच्या घरातला दिवा एका तारेवर जळायचा. कॉलेजात हे सांगितलं तेव्हा बाकावरच्या मुली हसल्या होत्या, कारण पुस्तकातल्या दिव्याला दोन तारा असतात. आमच्याकडेही खांबावरून दोनच आल्या होत्या. एकीतून वीज घरात यायची, दुसरीतून परत जायची. पण आमचा पाडा खाडीच्या कडेला, पुढे मिठागर, मागे भाताची शेतं, आणि खारा वारा लोखंडाला सुखानं जगू देत नाही. परतीची तार वरचेवर गंजून तुटायची, सगळा पाडा अंधारात बसायचा, आणि तार जोडणारा माणूस कधी यायचा ते त्यालाच ठाऊक. अशाच एका खेपेला माझ्या बाबांनी त्या दुसऱ्या तारेचा नादच सोडून दिला. घरातली परतीची वायर त्यांनी अंगणातल्या हातपंपाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळली आणि बटण दाबलं. दिवा लागला, आणि आधीपेक्षा लख्ख लागला. आमची जमीन मिठानं भरलेली, कायम ओली. तिच्यातून वीज तारेतून जावी तशी आरामात परत जायची. बाबा चौथी शिकलेले. हे सुचलं कसं, असं मी त्यांना पुष्कळदा विचारलं. "मीठ पान्यात जातं ना, तशी वीज मातीत जाते," एवढंच ते सांगत. पुढे पाड्यातल्या घरोघरी पंपाला वायर आली. सगळे तिला जमिनीची वायर म्हणत आणि ती जोडायला बाबांनाच बोलावत. बाबा अशा कामाला जाताना धुतलेला सदरा घालायचे. मिठागरावर जाताना ते सदरा घालतच नसत.

त्या पंपाचं पाणी पिण्यालायक नव्हतं. भांडी, कपडे, पाय, एवढ्यालाच. पिण्याचं पाणी गावातल्या विहिरीवरून डोक्यावर यायचं आणि माठात राहायचं. पण अंगणाचा सगळा दिवस त्या पंपाभोवती जायचा. पहाटे आईच्या हाताखाली त्याचा दांडा करकरायचा, मग चुलीपाशी तांदळाची भाकरी थापटण्याचा आवाज, मग तव्यात जवळा पडल्याची चुरचुर, आणि त्या वासावर जागी होणारी मी. उन्हाळा तापला की जमीन कोरडी व्हायची आणि दिवा पिवळा पडायचा. मग बाबा मिठागरातून दाट खाऱ्या पाण्याची घागर आणून पाइपाच्या बुडाशी ओतायचे, आणि आत दिवा उजळायचा. दुसऱ्यांचे बाप तुळशीला पाणी घालत, आमचे दिव्याला घालायचे. आम्हाला त्यात काही नवल वाटत नसे. पंपाला हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या, त्याचंही नवल नव्हतं. पंपाजवळ रबरी चपला ठेवलेल्या असत. देवळात जाताना चपला काढायच्या आणि पंपाला हात लावताना घालायच्या, ही आमच्या पाड्यातली रीत. लहान पोरांनाही ती चालायला लागल्याबरोबर शिकवली जायची.

मी बी.एस्सी. झाले ही गोष्ट मी आजही मान खाली घालून सांगत नाही. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी दहावीची पायरी ओलांडली नव्हती. मुलीनं ओलांडावी हे तर कोणाच्या मनातही नव्हतं. माझ्या बाजूनं घरात एकटा दादा बोलला. दादा वसईत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. "हेमा मशिनीचं पुस्तक वाचल, मग मना सांगल," असं तो आईला म्हणायचा, आणि खरंच रात्रीच्या जेवणाला बसला की विचारायचा, आज काय शिकवलं. मी त्याला विजेचा दाब आणि प्रवाह सांगितले. दाबाला प्रवाहानं भागलं की रोध निघतो, दाबाला प्रवाहानं गुणलं की शक्ती निघते, या दोन ओळींवर तुझं अख्खं वर्कशॉप चालतं, असं सांगितलं. तो घास हातात धरून म्हणाला, "मंग मना पगार का देतात? तुलाच देऊ दे." त्याचं लग्न कामणच्या सुनंदाशी झालं. चिंचोटीकडच्या गोड्या पाण्याच्या मुलखातली मुलगी, आमच्या खाऱ्या अंगणात तिचे कपडे कडक होऊन वाळायचे तेव्हा ती ते हातानं चोळत बसायची. तिच्या सामानात पाणी तापवायचा विजेचा रॉड होता, तिच्या भावानं दिलेला. त्यांचा पिंट्या झाल्यावर त्याच्या अंघोळीसाठी तो वापरात आला. आईला तो रॉड कधीच आवडला नाही. चुलीवर तापतं ते पाणी आणि बाकीची थेरं, असं तिचं म्हणणं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, त्या वर्षी बाबांच्या घागरी वाढल्या होत्या. कितीही खारं पाणी ओतलं तरी दिवा तांबूसच राहायचा. बाबा म्हणाले, जमीन थकली. झिणझिण्यांचंही तसंच. पूर्वी मुंगी चावल्यासारखं वाटायचं, आता हात मागे ओढावासा वाटायचा. चपला घातल्या की भागत होतं.

रविवारची सकाळ होती. दादा खाडीतून मासे घेऊन आला, गुडघ्यापर्यंत चिखल, अनवाणी. वहिनीनं घरात बादलीत रॉड लावलेला होता. दादानं टोपली खाली ठेवली आणि पाय धुवायला पंपाचा दांडा धरला. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. त्यानं ओरडायला तोंड उघडलं असं मला दिसलं, पण आवाज आला नाही. दांड्याला धरून तो तसाच उभा होता, आणि आधी मला वाटलं, चेष्टा करतोय. बाबांनी बांबूनं त्याचा हात सोडवला. तोवर सगळं झालं होतं. टोपलीतले मासे अजून हलत होते. याच्यावर मी अधिक लिहीत नाही. लिहून काही वेगळं होत नाही.

शॉक लागून मृत्यू, असा पंचनामा झाला. शॉक कशाचा, हे पोलिसांनी विचारलं तेव्हा आईनं बादलीकडे बोट केलं. "हिनं रॉड लावला. हिच्या म्हायेरच्या रॉडानं माजा पोर खाल्ला." त्यानंतर ते वाक्य घरात मुक्कामाला आलं. पाड्यातली बाई भेटायला आली की आई ते सांगायची, आणि बाई रॉडकडे बघून हळहळायची. पिंट्याला आईनं आपल्या मांडीवर घेतला तो परत दिला नाही. तो वहिनीकडे झेपावला की त्याला उचलून मागच्या दारी न्यायचे. वहिनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून राहायची, कोणी दिलं तर खायची. माझा मामा पाड्यातच चार घरं टाकून राहायचा, पाड्यात त्याच्या शब्दाला वजन होतं. त्यानं ठरवूनच टाकलं, की बाराव्याला हिचा भाऊ येईल तेव्हा हिला पाठवायची आणि पोर आपल्या घरात ठेवायचं. नवऱ्याला मारणारीच्या हातात पोर द्यायचं कसं, असं तो म्हणाला, आणि तेही ती ऐकू शकेल अशा बेतानं.

एका दुपारी मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती म्हणाली, "हेमा, पानी तापलंच नव्हतं गं. मी कवाची लावलेली. बोट घातलं तर गार." हे आईच्या कानावर गेलं. आई बाहेरून म्हणाली, "तापंल कसं? सगला करंट भाईर गेला ना, माज्या पोराकडं."

ते दोघींचं बोलणं माझ्या डोक्यात अडकलं. पाणी गार राहिलं होतं. हजार वॅटचा रॉड, आणि पाणी गार. वीज बाहेर गळत असती तरी रॉडनं आपलं काम केलंच असतं. तो तापला नाही, म्हणजे त्याला वीज पोचतच नव्हती. मग ती मधेच कुठे खर्च होत होती? मला उत्तर दिसायला लागलं होतं आणि ते नको होतं. मी तो रॉड पिशवीत घालून कॉलेजात नेला. आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांना सगळं सांगितलं. त्यांनी टेबल रिकामं करून दिलं. रॉड पाण्यात बुडवला, वीज सुरू केली. दाब दोनशे तीस व्होल्ट, प्रवाह चार पूर्णांक तीन अँपिअर. भागाकार केला, रोध त्रेपन्नच्या आसपास. गुणाकार केला, हजार वॅटला थोडे कमी. पाण्यात कुठे गळती नाही. रॉड जसा हवा तसा होता, नव्यासारखा. सरांनी दोन्ही मीटर लाकडी पेटीसकट माझ्याकडे दिले आणि म्हणाले, "मोजताना एक हात पाठीमागे ठेव. काहीही झालं तरी पाठीमागे." मग म्हणाले, "मी येऊ का?" मी नको म्हणाले. घरच्या गोष्टीत बाहेरचं माणूस नको, एवढी पाड्याची मी होतेच.

दुसऱ्या दिवशी आई विहिरीवर गेलेली असताना मी अंगणात पाट टाकला, चपला घातल्या, डावा हात पदराच्या गाठीत मागे अडकवला. बाबा ओट्यावर येऊन बसले. मी त्यांना बोलावलं नव्हतं. पेटी बघूनच ते आले होते. तोच रॉड, तशीच बादली. रॉडच्या दोन टोकांना मीटर लावला. दोनशे तिसाच्या जागी काटा पस्तिसावर येऊन थांबला. प्रवाह पाऊण अँपिअरही नव्हता, पासष्ट शतांश. मी कोळशानं पंपाच्या ओट्याच्या सिमेंटवर भागाकार मांडला. रोध पुन्हा त्रेपन्नच्या जवळ. रॉड कॉलेजात होता तोच होता. गुणाकार केला तर शक्ती तेवीस वॅट. एखाद्या मिणमिणत्या दिव्याइतकी. त्यानं बादलीभर पाणी काय तापणार.

"म्हंजे?" बाबा म्हणाले.

मी म्हणाले, "खांबावरून दोनशे तीस येतायत. रॉडला पस्तीसच मिळतायत. उरलेले एकशे पंचाण्णव पुढच्या वाटेवर पडतायत."

"पुढची वाट कंची?"

मी उठले. पंपापासून चार पावलांवर पहार ठोकली, तिच्यावर पाणी ओतलं, मीटरची एक वायर पहारीला लावली आणि दुसरी पंपाच्या दांड्याला. काटा उठला आणि हिशोबातल्या एकशे पंचाण्णववरच जाऊन थांबला. आयुष्यात पुढे मी शाळेत पुष्कळ प्रयोग करून दाखवले. हिशोब आणि काटा जुळला की मुलं टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्या कधी सहन झाल्या नाहीत.

मी रॉड काढला, घरातलं सगळं बंद केलं. काटा शून्यावर आला. नुसता दिवा लावला, काटा साठावर. रॉडशिवाय, नुसत्या दिव्यानं. बाबांनी ती पहार उपसली आणि ते पाइपाच्या बुडाशी खणायला लागले. हातभर खाली लोखंड उरलंच नव्हतं. गंजाचा तांबडा चुरा आणि मधे धाग्याएवढी काडी. खाली पाण्यात गेलेला पाइप वरच्या पाइपापासून जवळजवळ सुटलेला होता. म्हणून वाट अरुंद झाली होती, दिवा तांबडा पडत होता, आणि वाटेवर अडलेला सगळा दाब वरच्या दांड्यावर साठत होता. वर्षानुवर्षं ओतलेल्या घागरींनी दिवा उजळला होता आणि त्याच घागरींनी पाइप खाल्ला होता. हे मला बाबांना सांगावं लागलं नाही. ते हातातला चुरा बघत होते.

"पुन्ना सांग," ते म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. रोध किती, दाब किती. ओलं माणूस, अनवाणी, त्याचा रोध हजाराच्या घरात. त्याच्यातून किती प्रवाह गेला असेल, तर आपल्या साठ वॅटच्या दिव्याला लागतो त्याहूनही कमी. बाबा म्हणाले, "दिव्याहून कमी?" मी हो म्हणाले. त्यांनी तळहातावरचा चुरा झटकला. मग विचारलं, "त्याला समजलं असंल का?" दाबाला प्रवाहानं भागून ते निघत नाही. मी तेच म्हणाले, "ते मला नाही काढता येत, बाबा." त्यांनी मान हलवली, उठले, आणि पाइपाला गुंडाळलेली वायर विळ्यानं कापून टाकली. त्या संध्याकाळी आमच्याकडे चिमणी लागली.

आता तिथे मिठागर नाही. भराव पडला, इमारती आल्या, आणि तिथल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आपल्या पायाखाली काय होतं ते माहीत असायचं कारण नाही. मी चंदनसारला राहते. माझ्या घरात अर्थिंग नीट आहे की नाही हे मी बिल्डरच्या माणसाला तीन तीन वेळा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, एवढं कोण बघतं?"

बाराव्याला माणसं जमली. वहिनीचा भाऊ दाराशी उभा होता, त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं. मामानं घसा साफ केला, तेव्हा बाबा बोलले. त्यांनी एवढंच म्हटलं, "तिनं नाय. मीनं मारला. जमिनीच्या वायरीनं." क्षणभर कोणाला कळेना. मग आई म्हणाली, "ही शिकवतेय त्यांना. बापाच्या तोंडी घालतेय." मी उभी राहून सगळं सांगितलं, आकड्यांसकट. मी सांगत होते तसतशी माणसं माझ्याकडे बघायची थांबली आणि एकमेकांकडे बघायला लागली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. रॉड गुन्हेगार असेल तर एक बाई घराबाहेर जाते आणि पाडा सुखानं झोपतो. जमिनीची वायर असेल, तर ती प्रत्येकाच्या अंगणात होती.

मामा हसला. "हेमे, रॉड लावला म्हनून काटा वर गेला, असं तूच बोलतेस ना?"

"गेला. पण रॉड न लावताही साठ होते. आणि कोणाच्याही घरात इस्त्री लावली असती तरी वरच गेला असता."

"आमच्याकडं पन वायर हाय. आम्ही मेलो का?"

"तुमच्या पंपावर बघू या," मी म्हणाले.

आकडे सांगताना मला भीती वाटली नव्हती. हे बोलताना वाटली. मामा नाही म्हणू शकला नाही, सगळे बघत होते. मामीकडे विजेची शेगडी होती. ती लावली, पहार ठोकली, एक हात पाठीमागे घेतला. काटा साठाच्या पुढे गेला. मी म्हणाले, "मामा, हा पाइप अजून धड आहे, म्हणून एवढंच. आमचाही एके काळी धड होता." मामा काट्याकडे बघत राहिला. मागून मामी म्हणाली, "म्हंजे माज्या हाताला मुंग्या येतात त्या ह्याच्या? आनि हे मना बोलतात, तुला वात झालाय. दोन वर्सं तेल चोलते मी." कोणी हसलं नाही. एक बाई मुकाट्यानं उठून आपल्या घराकडे गेली, मग दुसरी. अंगणाअंगणात वायरी कापल्याचे आवाज यायला लागले. मामानं मला पुढे कितीतरी वर्षं नावानं हाक मारली नाही.

आमच्या घरी परत आलो तेव्हा बाबा होते तिथेच बसले होते. आई पिंट्याला घेऊन आत गेली. बाहेर आली ती त्याची झबली, दुपटी सगळी घडी करून घेऊन, आणि पोर कडेवर. ते सगळं तिनं वहिनीच्या मांडीवर ठेवलं. पोरानं आईच्या गळ्यातली पोत पकडून ठेवली होती, ती बोटं तिनं एकेक करून सोडवली. वहिनीचं तोंड पोराच्या मानेत होतं. ती रडत नव्हती, वास घेत होती. आई म्हणाली, "तू नको जाऊ. तुजंच घर हाय हे." माझ्या आईनं मागे घेतलेला तेवढा एकच शब्द मी ऐकला आहे, आणि तो घेताना तिला किती जड गेलं असेल ते मला दिसत होतं. मला वाटलं, झालं. मी केलं हे. आकड्यांनी एक बाई घरात राहिली.

वहिनी उठली. ती आईच्या पाया पडली, बाबांच्याही पाया पडली आणि भावाला म्हणाली, "चल." रिक्षा पाड्यात येत नव्हती, म्हणून तिची ट्रंक भावानं उचलली आणि कपड्यांची पिशवी मी. मिठागराच्या बांधावरून आम्ही रस्त्यापर्यंत चालत गेलो, दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग, डोळे उघडे ठेवता येणार नाहीत असं ऊन. पोर तिच्या खांद्यावर झोपून गेलं होतं. मी म्हणाले, "वहिनी, आता कोणी काही बोलणार नाही. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय, रॉड चांगला होता."

ती चालत होती तशीच चालत राहिली. मग म्हणाली, "चांगला होता म्हनून ठेवतात मना. आनि खराब निघाला असता तर?"

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.